बाबांचं घड्याळ आणि हॅरी ब्रिअर्ली

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते. घरी मालवणी, शाळेत इंग्लिश, आणि मराठी म्हणजे वर्षातून दोनदा येणारा एक पेपर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण एका माणसाची गोष्ट सांगायची गेले वर्षभर मनात होती आणि ती मला मराठीतच सांगायची होती, कारण ही गोष्ट माझ्या बाबांनाही वाचता यायला हवी. त्या माणसाचं नाव हॅरी ब्रिअर्ली. तुमच्या मनगटावर, मेसच्या ताटात आणि मटेरियल सायन्सच्या पेपरात तो रोज भेटतो. माझी त्याची ओळख झाली ती माझ्या एका चुकीमुळे, म्हणून आधी ती चूक सांगते.

बाबांची मालवणात मासेमारीची होडी आहे. माझा मामा मस्कतला नोकरीला. चार वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने बाबांसाठी एक स्विस घड्याळ आणलं. किंमत ऐकून आईने ते परत कपाटात ठेवायला लावलं होतं. घड्याळाला स्टीलची चेन होती, पण चकचकीत नाही. कड्यांवर अगदी बारीक, एकाच दिशेने ओढलेल्या रेघा आणि फक्त कडांना आरशासारखी झिलई. बाबा ते कपाटात ठेवतील अशी आमची खात्री होती. बाबांनी ते दुसऱ्याच दिवशी हातात घातलं आणि धक्क्यावर गेले! जाळं ओढताना, इंजिन उघडताना, बर्फ फोडताना घड्याळ हातातच. मला फार राग यायचा. एवढं भारी घड्याळ आणि त्याला मासळीचा वास.

सेकंड इयरला दिवाळीच्या सुट्टीत मी ते घड्याळ मागून घेतलं. म्हटलं, बाबांना नवं करून देते. चेन सुटी करून कॉलेजला आणली, वर्कशॉपमध्ये परवानगी काढली आणि बफिंगच्या चाकावर धरली. कापडी चाक, पॉलिशचा साबण, दहा मिनिटं. चेन अशी चमकली की भांड्यांच्या दुकानातल्या नव्या डब्यासारखी! मैत्रिणींनी कौतुक केलं. मी ती घरी नेली. बाबांनी उलटसुलट करून पाहिली, छान झाली म्हणाले आणि हातात घातली. आठवडाभराने घरी गेले तर तिच्यावर ओरखड्यांचं जाळं झालं होतं. पूर्वी एक ओरखडा दिसायचा नाही, आता प्रत्येक दिसत होता. कड्यांच्या धारदार कडाही चाकाने गोल करून टाकल्या होत्या. म्हणजे जो फिनिश कुणीतरी विचार करून दिला होता, तो मी दहा मिनिटांत पुसून टाकला. बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मग मी वाचायला बसले. स्टीलला ओरखडा का पडतो, डाग का पडतो, मुळात ते गंजत का नाही. वाचता वाचता शेफिल्डला पोचले.

हॅरी ब्रिअर्लीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ चा, इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावचा. गाव पोलादाचं आणि सुऱ्या-कात्र्यांचं. वडील भट्टीवर पोलाद वितळवणारे कामगार, घरात नऊ भावंडं, त्यातला हा आठवा. राहायला एका दाटीच्या गल्लीतलं लहानसं घर. शाळा बाराव्या वर्षी सुटली. वडील ज्या फर्थ कंपनीत होते तिथेच भट्टीखालच्या तळघरात तो पोऱ्या म्हणून लागला. राख काढायची, मुशी हाताळायला मदत करायची, पडेल ते काम करायचं. आपल्याकडे रापणीवर लहान पोरं दोरी गोळा करतात ना, तसंच.

थोड्याच दिवसांत त्याला त्याच कंपनीच्या रासायनिक प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं काम मिळालं. इथे त्याचं नशीब उघडलं असं म्हणायला हवं, कारण तिथले मुख्य रसायनज्ञ जेम्स टेलर यांनी या मुलाकडे लक्ष दिलं. त्याला अंकगणित, बीजगणित शिकवलं, पुस्तकं वाचायला लावली, हाताने वस्तू बनवायला शिकवलं. दिवसा बाटल्या आणि रात्री रात्रशाळा, अशी कितीतरी वर्षं गेली. बाटल्या धुणारा मुलगा हळूहळू साहाय्यक झाला आणि पुढे पोलादाचं पृथक्करण करणारा तज्ज्ञ झाला. डिग्री नाही, पण १९०२ साली पोलाद कारखान्यातल्या पदार्थांच्या पृथक्करणावर त्याने फ्रेड इबटसन यांच्याबरोबर लिहिलेलं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी युरेनियमच्या रसायनशास्त्रावर आणखी एक. (आपण जर्नल पूर्ण करताना किती रडतो ते आठवा!)

त्यानंतर तो काही वर्षं रीगाला होता. हे शहर आज लाटव्हियात आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. फर्थ कंपनीचा तिथे कारखाना होता. पोलाद किती तापलंय हे तिथले कामगार रंगावरून ओळखत आणि हॅरीला त्या डोळ्यांबद्दल फार आदर होता. तो स्वतः भट्टीवाल्याचा मुलगा होता. पुस्तकातलं ज्ञान आणि हाताचं ज्ञान यांत तो कधीच दुसऱ्याला कमी लेखत नसे. हे वाचताना मला जरा टोचलं. होडीवरच्या माणसाला घड्याळातलं काय कळतं, असं मीच तर मनात म्हटलं होतं.

१९०८ साली शेफिल्डच्या दोन मोठ्या कंपन्यांनी, फर्थ आणि जॉन ब्राऊन यांनी मिळून एक संशोधनशाळा काढली आणि तिचा प्रमुख म्हणून हॅरीला नेमलं. तिथे १९१२ साली एक काम आलं. रायफलच्या नळ्या आतून लवकर झिजत होत्या. गोळी सुटताना गरम वायू इतक्या जोराने जातात की नळीची आतली भिंत खरवडली जाते. जास्त उष्णता सोसणारं पोलाद हवं म्हणून हॅरीने क्रोमियम वाढवून पाहायचं ठरवलं. म्हणजे बघा, त्याला गंज नको असं काही सुचलंच नव्हतं. प्रश्न झिजेचा होता!

वेगवेगळ्या प्रमाणांची पोलादं ओतून झाली. १३ ऑगस्ट १९१३ रोजी विजेच्या भट्टीत एक ओतीव तयार झालं. त्यात क्रोमियम १२.८ टक्के आणि कार्बन ०.२४ टक्के होता. आता इथे एक दंतकथा सांगतात की, फेकून दिलेल्या तुकड्यांच्या ढिगात एक तुकडा चमकताना दिसला आणि शोध लागला. छान वाटतं ऐकायला. पण खरी गोष्ट आपल्या लॅबमध्ये घडते तशीच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची रचना पाहायची तर आधी तुकडा पॉलिश करतात आणि मग त्याच्यावर सौम्य नायट्रिक आम्ल लावतात. मेटॅलर्जीच्या प्रॅक्टिकलला आपण हेच करतो, एचिंग. हॅरीच्या तुकड्यावर आम्ल चढेचना. कुठल्याही माणसाने आम्ल जुनं झालं असेल म्हणून बाटली बदलली असती. ज्याने पोरवयात बाटल्याच धुतल्या, त्याला मात्र बाटलीत दोष नाही हे ठाऊक होतं. त्याने व्हिनेगर लावून पाहिलं, लिंबाचा रस लावून पाहिला. डाग नाही.

याचं महत्त्व समजायला आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात जायला हवं. लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं आणि कैरीच्या फोडींनाही तो काळा रंग लागतो. म्हणून विळी लगेच धुऊन, पुसून, कोरडी ठेवायची. पितळेच्या भांड्यात सोलकढी ठेवायची नाही, आणि ठेवायची तर आधी कल्हई हवी. कल्हई म्हणजे तरी काय? कथलाचा पातळ थर. तो झिजला की कल्हईवाल्याची वाट बघायची. शेफिल्डच्या सुऱ्यांचंही तेच होतं. आंबट फळ कापलं की डाग, आणि प्रत्येक जेवणानंतर सुऱ्या घासत बसायचं काम घरातल्या नोकर पोरांचं. हॅरीच्या हातात आता असं पोलाद होतं ज्याला वरून कल्हई नको, कारण त्याची कल्हई त्याच्या आतूनच यायची.

कशी, ते थोडक्यात सांगते. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अखंड पापुद्रा तयार होतो. तो एक ते तीन नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा तीसेक हजारावा भाग! डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तर हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन घेऊन तो तिथल्या तिथे परत तयार होतो. म्हणून या पोलादाचं गंजत नाही हे वर्णन खरं तर अर्धंच आहे. ते क्षणोक्षणी स्वतःला झाकत असतं.

हॅरीला हेही लवकरच कळलं की नुसतं रासायनिक प्रमाण पुरत नाही. तेच पोलाद नीट तापवून पाणी दिलेलं आणि घोटून गुळगुळीत केलेलं असेल तर डाग सोसतं. उष्णतेची प्रक्रिया चुकली किंवा पृष्ठभाग खडबडीत राहिला तर डागाळतं. म्हणजे फिनिश ही केवळ शोभा नव्हे, हे त्याने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. मला ते कळायला बाबांची चेन बिघडवावी लागली.

पुढचा भाग मात्र दुःखाचा आहे. कंपनीच्या वरिष्ठांना या शोधात फारसा रस वाटला नाही. सुऱ्यांसाठी हे पोलाद वापरा, असं त्याने परत परत सुचवलं. शेवटी दोन सुरीवाल्यांकडे नमुने गेले आणि दोघांनीही नाकारलं. घडायला कठीण, धार लावायला कठीण, सुरी म्हणून निरुपयोगी असा निकाल आला. ज्याला गावभर न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून चिडवलं, तो हा माणूस. मग १९१४ मध्ये मोस्ली यांच्या कारखान्यातले व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट भेटले. पहिल्या खेपेला त्यांचीही हत्यारं बोथट झाली. दुसऱ्या खेपेला सुऱ्या कडक झाल्या पण ठिसूळ. तिसऱ्या खेपेला हॅरी स्वतः तिथे उभा राहिला, पोलाद किती तापवायचं ते समोर बघून ठरलं आणि सुऱ्या जमल्या. हॅरी आपल्या पोलादाला न गंजणारं म्हणायचा. स्टुअर्टनी व्हिनेगरमध्ये बुडवून पाहिलं आणि न डागाळणारं, म्हणजे स्टेनलेस, हे नाव दिलं. तेच चिकटलं.

एवढ्यात महायुद्ध आलं आणि हे पोलाद विमानांच्या इंजिनांतल्या व्हॉल्व्हसाठी जाऊ लागलं. शोध कुणाचा, यावरून हॅरीचं आणि कंपनीचं वाजलं. कंपनीचं म्हणणं, पगारी माणसाने कंपनीच्या वेळेत लावलेला शोध कंपनीचा. हॅरीचं म्हणणं, मला अर्धा वाटा हवा आणि नावही. त्याने राजीनामा दिला आणि १९१५ मध्ये ब्राऊन बेली या दुसऱ्या पोलाद कंपनीत गेला. एका वयस्कर हितचिंतकाच्या सल्ल्याने त्याने अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९१६ साली मिळालं. ते पेटंट हातात आल्यावर जुन्या कंपनीला बोलणी करावीच लागली आणि १९१७ साली दोघांची मिळून एक संस्था उभी राहिली. पैसा मिळाला, पण जिथे बारा वर्षांचा असल्यापासून वाढला, तिथून मन तुटलं ते तुटलंच.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. हॅरी हा एकटाच नव्हता. जर्मनीत क्रुप कंपनीतले माउरर आणि श्ट्राउस यांनी १९१२ मध्येच क्रोमियमबरोबर निकेल घातलेल्या पोलादाची पेटंटं घेतली होती. अमेरिकेत एलवुड हेन्स याच वाटेवर होता. हॅरीच्या जागी प्रयोगशाळेत आलेल्या विल्यम हॅटफील्ड यांनी १९२४ साली अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचं पोलाद बाजारात आणलं. आपल्या घरच्या डब्यावर १८/८ असा ठसा दिसतो तो हाच. त्याचं व्यापारी नाव स्टेब्राइट, आणि १९३० च्या दशकात घड्याळांच्या कवचावर हे नाव कोरलेलं दिसू लागलं. म्हणजे हॅरीच्या सुरीचं पोलाद आणि घड्याळाच्या चेनचं पोलाद ही सख्खी नव्हेत, चुलत भावंडं. पण घराणं एकच.

या घराण्याची पुढची मजा बघा. हॅरीच्या काळात स्टील म्हणजे सोन्याचांदीपुढे गरिबाचा धातू. १९७२ साली एका स्विस कंपनीने रॉयल ओक नावाचं घड्याळ काढलं. जेराल्ड जेंटाने डिझाइन केलेलं, पूर्ण स्टीलचं, चेनसकट, आणि किंमत कितीतरी सोन्याच्या घड्याळांहून जास्त. लोक हसले. पण त्या किमतीचं कारण पृष्ठभागात होतं. प्रत्येक कडीवर हाताने ओढलेल्या सरळ रेघा आणि कडांना तिरपी, आरशासारखी झिलई. आज जेवढी भारी स्टीलची घड्याळं आहेत ती बहुतेक याच वाटेने चालतात. माझ्या बाबांचंही तसंच होतं, मी हात लावेपर्यंत!

आता प्रश्न असा की रोजच्या वापरात कुठला फिनिश टिकतो. परीक्षेनंतरच्या आठवड्यात मी हॉस्टेलमध्ये आणि स्टाफरूममध्ये जमतील तेवढी घड्याळं मागून भिंगाखाली पाहिली. (काही मॅडमना वाटलं मी सेल्समन झाले.) त्यातून आणि वाचनातून मला जे समजलं ते असं.

आरशासारखं पॉलिश नवं असताना सर्वांत सुंदर दिसतं आणि सर्वांत लवकर केविलवाणं होतं. चेनचं स्टील, ज्याला ३१६ एल म्हणतात, त्याचा कठीणपणा दीडशे ते दोनशे व्हिकर्स असतो. वाळूतल्या क्वार्ट्झचा हजाराच्या वर. आपल्या कणकवली तालुक्यात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर तर आपण बसतोच. टेबलावर, बेंचवर, बॅगेत जी धूळ असते तिच्यातही तेच कण असतात. त्यामुळे ओरखडा पडणारच. ब्रश केलेल्या फिनिशवरही तेवढेच ओरखडे पडतात, फक्त ते रेघांत मिसळून जातात आणि दिसत नाहीत.

सोनेरी मुलामा कडांवरून आधी जातो. लॉकपाशी आणि कड्यांच्या कोपऱ्यांवर, जिथे टेबल घासतं तिथे. माझ्या स्वतःच्या मुलामा दिलेल्या घड्याळाचं दीड वर्षात पितळ उघडं पडलं! काळ्या रंगाच्या पीव्हीडीचं वेगळं. ती म्हणजे निर्वात भांड्यात वाफेतून चढवलेला कडक थर, फार तर काही मायक्रॉन जाड. ती स्टीलहून कितीतरी पट कठीण, म्हणून बारीक ओरखडे सोसते. पण खालचं स्टील मऊ. मऊ भातावर पापड ठेवून बोट दाबलं तर काय होतं? तसंच. जोरात आपटलं की स्टील दबतं, वरचा थर फुटतो आणि खालचा पांढरा धातू डोळ्यांत भरतो. टायटॅनियम हलकं, खाऱ्या पाण्याला अजिबात न भिणारं, पण साधं टायटॅनियम ओरखड्यांच्या बाबतीत स्टीलसारखंच मऊ.

हे झालं ओरखड्यांचं. आपल्या किनाऱ्यावर दुसरा शत्रू आहे, मीठ. माझी रूम पार्टनर कोल्हापूरची. तिच्या चेनवर ओरखडे आहेत, पण डाग नाहीत. मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलींच्या चेनवर कड्यांच्या सांध्यांत तपकिरी ठिपके दिसले. मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा फोडतं. उघड्यावर तो परत जुळतो. पण दोन कड्यांच्या फटीत घाम, साबण, मळ भरून राहिला की तिथे ऑक्सिजन पोचत नाही, पापुद्रा जुळत नाही आणि बारीक खड्डा पडत जातो. कुठलं पोलाद किती सोसेल याचा एक ढोबळ अंक काढतात. क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. हॅरीच्या पोलादाचा अंक जेमतेम १३. डब्याच्या स्टीलचा १८-१९. चेनच्या ३१६ एलचा २४ च्या आसपास. काही महागडी घड्याळं ९०४ एल वापरतात, त्याचा ३५. आणि समुद्राच्या पाण्यात कायम राहायचं तर ४० हवा! म्हणजे अगदी भारी चेनसुद्धा समुद्राला पुरून उरत नाही.

आणि गंमत इथेच आहे. ब्रश केलेल्या रेघा ओरखडे लपवतात, पण त्याच रेघांत मीठ बसतं. समुद्राजवळ खरखरीत स्टीलवर चहाच्या डागासारखे डाग पडतात, म्हणून तिथे पृष्ठभागाचा खडबडीतपणा अर्ध्या मायक्रॉनच्या खाली ठेवा असं सांगतात. पॉलिश केलेल्यावर मीठ कमी थांबतं, पण ओरखडे दिसतात. म्हणजे दोन्हींपैकी एकही फिनिश स्वतःच्या बळावर टिकत नाही. टिकवतं ते धुणं. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीचा स्टीलचा मुकुट १९३० पासून चमकतोय, त्याला पाऊस धुतो आणि माणसांनी १९६१ आणि १९९५ साली तो हातानेही धुतला.

हे वाचलं आणि मी थांबले. कारण बाबा रोज काय करतात ते मला एकदम आठवलं. समुद्रावरून आले की अंगणातल्या बावीवर जातात (बाव म्हणजे विहीर, घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते). इंजिनावर गोडं पाणी, जाळ्याच्या शिशावर गोडं पाणी, आणि मग शेवटचा तांब्या घड्याळासकट मनगटावर. चेन थोडी हलवतात, म्हणजे फटींत पाणी जातं. पंचाला पुसतात. चार वर्षं मी हे बघत होते आणि मला वाटायचं बाबा घड्याळाची हेळसांड करतात. खारं ते गोड्याने धुवायचं, हे त्यांना त्यांच्या बाबांनी शिकवलं. क्लोराइड हा शब्द त्यांना माहीत नाही आणि नसला तरी काही बिघडत नाही. त्यांच्या चेनला भिंग लावून पाहिलं. ओरखडे भरपूर, ते माझ्या कृपेने. खड्डा एकही नाही. कपाटात घामासकट पडून राहिलेल्या माझ्या घड्याळाला मात्र तीन खड्डे.

हा विषय नुसत्या घड्याळाचा नाही, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. राजकोट किल्ल्यावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्याच्या काही दिवस आधीच नटबोल्ट गंजत असल्याचं बांधकाम खात्याने पत्राने कळवलं होतं. दोष कुणाचा ते ठरवणारी मी कोण? पण त्या संध्याकाळी हॉस्टेलमध्ये कुणी जेवलं नाही, एवढं आठवतं. आपण इंजिनिअर होणार आहोत. खारा वारा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही आणि गंजतंय असं कुणी सांगितलं तर त्याच दिवशी ऐकायचं असतं, एवढं तरी इथून शिकून बाहेर पडलो पाहिजे.

हॅरीकडे परत येते. त्याला १९२० साली लोह आणि पोलाद क्षेत्रातलं मानाचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १९२५ मध्ये तो ब्राऊन बेलीचा संचालक झाला. १९४१ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ होतो गाठी मारलेली दोरी. त्याच वर्षी त्याने आपल्या पैशातून एक विश्वस्त निधी काढला, शेफिल्ड भागातल्या ज्यांना संधी मिळाली नाही अशांसाठी. टेलर साहेबांनी बाटल्या धुणाऱ्या पोराला जे दिलं, ते त्याने असं फेडलं असं मला वाटतं. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की इथे तो वारला. टॉर्की हे समुद्रकाठचं गाव आहे. भट्टीच्या धुरात जन्मलेला माणूस शेवटी खाऱ्या वाऱ्यात गेला.

गेल्या मे महिन्यात मी बाबांची चेन परत मागून घेतली. या वेळी कॉलेजला नेली नाही. घड्याळ बाजूला काढलं, कडांना चिकटपट्टी लावली आणि आईची भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन प्रत्येक कडीवर एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढत बसले. पूर्ण दुपार गेली. रेघा परत आल्या. कारखान्यातल्यासारख्या सरळ नाहीत, आणि गोल झालेल्या कडा तर परत येणारच नाहीत, कारण चाकाने नेलेला धातू गेला तो गेला. पण ओरखडे लपले. बाबांनी चेन उन्हात धरून पाहिली, हातात घातली, आणि नेहमीसारखे संध्याकाळी बावीवर गेले. मी कळशी उचलली आणि त्यांच्या मनगटावर पाणी ओतलं.

- तृतीय वर्ष, मेकॅनिकल